कॉमिक आणि प्रिंट फेअरमध्ये नेमकं बघायचं काय? इलस्ट्रेशनच्या विद्यार्थ्यांसाठी

फेअरहून परतलेल्या इलस्ट्रेशनच्या विद्यार्थ्याची पिशवी उघडली की आत काय निघतं, हे न बघताही सांगता येतं. मूठभर स्टिकर, बिझनेस कार्डांचा गठ्ठा, एखादी टोट बॅग. शिवाय फोनमध्ये शेकडो फोटो, ज्यांच्याकडे महिन्याभरानंतर कुणी ढुंकूनही बघत नाही. नुसती चित्रंच बघायची असतील तर ती घरबसल्या दिसतात, तीही गर्दीत धक्के न खाता. पडद्यावर दिसत नाही ती छापलेली वस्तू. तिचा कागद, शाईचा थर, घडी, पिना, हातातलं वजन हे सगळं फेअरमध्येच कळतं, आणि ती वस्तू बनवणारा माणूसही टेबलापलीकडे बसलेला असतो. त्यामुळे तिथे जाऊन 'प्रेरणा' शोधत फिरण्यापेक्षा, प्रत्येक वस्तू बनवताना कुणी काय ठरवलं असेल ते शोधा. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

आधी फेअरचा स्वभाव ओळखा

सगळ्या फेअर सारख्या नसतात. सॅन डिएगोचं कॉमिक कॉन १९७० साली सुरू झालं. त्या घाटाच्या मोठ्या कार्यक्रमांत सिनेमे, खेळणी, वेशभूषा आणि मोठे प्रकाशक यांचा गलबला असतो. तिथे तुमच्या कामाचा भाग म्हणजे 'आर्टिस्ट अॅली', म्हणजे चित्रकार स्वतःची टेबलं मांडून बसतात ती गल्ली. आत शिरल्यावर नकाशा बघून थेट तिकडे जा. बाकीचं नंतर वेळ उरला तर.

लहान प्रकाशक आणि स्वतःच छापणाऱ्या चित्रकारांच्या फेअर वेगळ्या असतात. अमेरिकेतली एसपीएक्स (स्मॉल प्रेस एक्स्पो, १९९४ पासून), टोरांटोची टीसीएएफ (टोरांटो कॉमिक आर्ट्स फेस्टिव्हल, २००३ पासून), इंग्लंडमधली थॉट बबल (२००७ पासून) ही या जातीची ठळक नावं. टोकियोच्या कॉमिकेटची सुरुवात १९७५ मध्ये अवघ्या ३२ गटांच्या सहभागाने झाली होती. आज स्वतः छापलेल्या कॉमिक्सचा तो प्रचंड बाजार आहे. कलाकारांच्या पुस्तकांसाठी न्यूयॉर्क आर्ट बुक फेअर (२००६ पासून) प्रसिद्ध आहे. मुद्राचित्रकारांच्या प्रिंट फेअरमध्ये लिनोकट (लिनोलियम कोरून घेतलेला छाप), एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून घेतलेला छाप), स्क्रीन प्रिंट (जाळीतून शाई दाबून घेतलेला छाप) असं भिंतीवर लावायचं काम जास्त असतं आणि पुस्तकं कमी.

१९६४ पासून भरणारी इटलीतल्या बोलोन्याची बालपुस्तकांची फेअर हे आणखी निराळं प्रकरण आहे. ती व्यवसायातल्या लोकांची बाजारपेठ आहे, तिथे पुस्तकांच्या हक्कांचे सौदे होतात. चित्रकार तिथल्या भिंतीवर आपली पोस्टर आणि कार्डं चिकटवतात, ती भिंत मात्र तासभर उभं राहून बघण्यासारखी असते.

पहिल्यांदाच जात असाल तर लहान फेअर निवडा. पन्नासेक टेबलांच्या फेअरमध्ये दुपारपर्यंत सगळं एकदा बघून होतं आणि आवडलेल्या टेबलाकडे परत जाता येतं. मोठ्या कॉनमध्ये परत जायचं म्हटलं की ते टेबलच सापडत नाही.

जाण्यापूर्वी: एक प्रश्न, दहा नावं

तुमच्या चालू कामात जिथे अडलंय, तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. 'छान काम बघायचंय' हा काही प्रश्न झाला नाही. 'दोनच रंगांत रात्र कशी दाखवतात?', 'शब्द नसलेल्या कॉमिकमध्ये वेळ गेल्याचं कसं कळतं?', 'आठ पानांत गोष्ट कुठे सुरू करायची?' असे प्रश्न धरा. प्रश्न हातात असला की नजरेला चाळणी लागते. शंभर टेबलांतली ऐंशी आपोआप मागे पडतात आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

फेअरची सहभागी कलाकारांची यादी बहुधा आधीच जाहीर होते. ती चाळून दहा नावं काढा. त्यातली चार-पाच तुम्हाला आवडणारी, दोन-तीन तुमच्या प्रश्नाशी जोडलेली आणि उरलेली मुद्दाम तुमच्या आवडीच्या बाहेरची. फक्त आवडीचंच बघायला गेलात तर आधी जे माहीत होतं तेच घेऊन परत याल.

सामान थोडंच ठेवा. लहान स्केचबुक, पेन्सिल, सहा इंची पट्टी, सुट्टे पैसे (नेटवर्क गर्दीतच दगा देतं), प्रिंट दुमडू नयेत म्हणून दोन कडक पुठ्ठे घातलेलं फोल्डर. आणि एक भिंग. दहापट मोठं दाखवणारं, खिशात मावणारं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. कारण पुढे येईलच. स्वतःची एखादी छोटी झीन (स्वतः छापलेली पुस्तिका) किंवा पोस्टकार्डं असतील तर थोडी घ्या. झीनच्या दुनियेत अदलाबदल चालते, फक्त समोरच्याला आधी विचारायचं.

पहिली फेरी हात खिशात ठेवून

आत शिरल्यावर पूर्ण एक चक्कर मारा. खरेदी नको, फोटो नकोत, गप्पाही नकोत. या फेरीत चित्रं जवळून बघू नका, उलट तीन मीटरवरून बघा. कुठलं मुखपृष्ठ तिथूनही डोळ्यांत भरतं? त्याच्यावर किती रंग आहेत, किती आकार आहेत, शीर्षक वाचता येतंय का? तपशिलांनी खच्चून भरलेली सुंदर मुखपृष्ठं एवढ्या अंतरावरून नुसती करडी दिसतात, ही गोष्ट वर्गात कितीही सांगितली तरी पटत नाही. इथे दोन मिनिटांत पटते.

गर्दी नसलेल्या टेबलापाशीही थांबा. काम चांगलं असूनही लोक पुढे का जातायत? सगळं आडवं पसरून ठेवलंय, उभं काहीच नाही, म्हणून? चाळायला एक उघडी प्रत नाही म्हणून? की कलाकार मान खाली घालून फोनमध्ये आहे म्हणून? उद्या तुम्हाला टेबल मांडायचं असेल तर याच टेबलांचा उपयोग जास्त.

एक झीन नीट हातात घ्या

दुसऱ्या फेरीत निवडक टेबलांपाशी थांबा आणि विचारून एकेक वस्तू उचला. इथे घाई करू नका. समजा हातात आली आहे ती ए-५ आकाराची, २४ पानांची, गुलाबी आणि निळ्या रंगात रिसोवर (झेरॉक्ससारखं दिसणारं, पण एकेक रंग वेगळा छापणारं यंत्र) छापलेली झीन.

चित्र बघण्याआधी ती मिटलेलीच धरा. मुखपृष्ठाचा कागद आतल्यापेक्षा जाड आहे की तोच? घडीवर कागद फुटून पांढरी रेघ दिसतेय का? दिसत असेल तर बहुतेक घडी कागदाच्या धाग्याच्या आडवी गेली आहे. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या बाजूने त्याचा धागा असतो आणि घडी त्याच दिशेने घालायची असते. मग उघडी कड बघा. आतली पानं किंचित बाहेर डोकावत असतील तर पिना मारल्यावर कटिंग झालेलं नाही. ते चुकून राहिलंय की मुद्दाम, हे बाकीच्या कामाच्या नेटकेपणावरून कळतं.

आता पानं मोजा. सेंटर पिनिंगच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या पुस्तिकेत पानं चारच्या पटीत येतात, कारण एका कागदाला घडी घातली की चार पानं होतात. गोष्ट २१ पानांत संपली असेल तर उरलेल्या तीन पानांचं कलाकाराने काय केलं? काहीजण सुरुवातीला एक कोरं पान देऊन गोष्टीला श्वास घेऊ देतात, काहीजण शेवटी नुसतं एक छोटं चित्र ठेवतात. अडचणीतून निघालेल्या या जागा मला अनेकदा मुख्य गोष्टीपेक्षा जास्त आवडतात.

मधल्या जोडपानावर या, जिथे पिना दिसतात. अख्ख्या पुस्तिकेत या एकाच ठिकाणी डावं-उजवं पान मिळून एकच सलग कागद असतो. बाकी सगळीकडे समोरासमोरची पानं दोन वेगळ्या कागदांवर छापलेली असतात आणि मधे जुळवताना अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतं. म्हणून जाणते कलाकार दोन्ही पानांवर पसरलेलं मोठं चित्र या मधल्या जागी ठेवतात, किंवा दुसरीकडे ठेवलंच तर घडीवर चेहरा येणार नाही याची काळजी घेतात. हातातल्या झीनमध्ये काय केलंय?

मग पान उलटण्याची जागा. डावीकडून उजवीकडे वाचायच्या कॉमिकमध्ये उजव्या पानाचा शेवटचा पॅनेल (चित्राची चौकट) प्रश्न टाकतो आणि उलटल्यावर डाव्या पानाचा पहिला पॅनेल उत्तर देतो. जपानी पद्धतीने, उजवीकडून डावीकडे वाचायच्या पुस्तकात हेच उलट. धक्क्याचा प्रसंग उजव्या पानावर पडला असेल तर पान उलटताच डोळा आधी तिकडे जातो आणि डाव्या पानावर केलेली सगळी तयारी वाया जाते. पडद्यावर एकेक पान सरकवत वाचताना हा हिशोब कधीच लक्षात येत नाही.

आता रंग. दोन शाया म्हणजे दोनच रंग, असं नाही. निळ्यावर गुलाबी चढला की जांभळा तयार होतो. शिवाय कागदाचा स्वतःचा रंग असतो आणि दोन्ही शायांच्या फिक्या छटा असतात. रिसोला प्रत्येक रंगाची वेगळी फाइल द्यायची असते आणि ती करड्या छटांत असते. जिथे करडा फिका, तिथे शाईही फिकी. म्हणजे या कलाकाराने प्रत्येक पान दोनदा, काळ्या-करड्यात विचार करून काढलंय. रंग जरासा सरकून आकाराच्या कडेला पांढरी फट दिसतेय का? रिसोचं रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, थोडं हलतंच. कुणी ती फट झाकण्यासाठी आकार एकमेकांवर थोडे चढवतं, कुणी रेषा आणि रंग मुद्दामच जुळवत नाही, म्हणजे सरकलं तरी फरक पडत नाही.

असं एका झीनला दहा मिनिटं द्या. दिवसभरात अशा पाच-सहा झाल्या तरी खूप झालं.

भिंगाखाली छपाई ओळखा

कोणतं तंत्र वापरलंय हे विचारण्याआधी स्वतः ओळखायचा प्रयत्न करा. पुढच्या गप्पांना त्याने रंगत येते.

ऑफसेटमध्ये (मोठ्या छापखान्यातली नेहमीची छपाई), आणि बऱ्याच डिजिटल छपाईतही, निळसर, गुलाबीसर, पिवळे आणि काळे ठिपके वेगवेगळ्या कोनांत बसून बारीक फुलांसारखी नक्षी करतात. लेझर प्रिंटमध्ये टोनर कागदाच्या वर बसून किंचित चमकतो. इंकजेटमध्ये फवारा उडवल्यासारखे अनियमित बारीक ठिपके असतात. स्क्रीन प्रिंटमध्ये शाईचा सपाट, भरीव थर कागदावर बसतो, कड स्वच्छ असते आणि तिरक्या उजेडात थरावर थर चढलेला दिसतो. रिसोची शाई कोऱ्या, चकाकी नसलेल्या कागदात मुरते. मोठ्या भरीव भागात ती थोडी खवल्यासारखी, असमान दिसते आणि बोटाला लागूही शकते, म्हणून बोट फिरवायचा मोह आवरा.

लिनोकटच्या पांढऱ्या भागात कोरून काढताना राहिलेल्या कडांचे तुरळक ओरखडे छापले जातात. काही कलाकार ते साफ करतात, काही त्यांच्यावरच चित्राचा जीव सोपवतात. एचिंगमध्ये चित्राभोवती धातूच्या पत्र्याने दाबलेली खोलगट चौकट असते. लेटरप्रेसचा, म्हणजे उठावाची अक्षरं कागदावर दाबून केलेल्या छपाईचा, ठसा बऱ्याचदा कागदाच्या पाठीमागूनही जाणवतो.

काही रंग फोटोत येतच नाहीत. रिसोचा चमकता गुलाबी नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत जमत नाही आणि पडद्यावरही तो मळका दिसतो. अशा रंगाचा फोटो काढण्यापेक्षा वहीत दोन ओळी लिहा: शेजारी कोणता रंग होता, कागद पांढरा होता की पिवळसर, किती जागेत वापरला होता.

फेअरमध्ये मूळ चित्रांचं प्रदर्शन असेल तर ते टाळू नका. फ्रान्समध्ये १९७४ साली सुरू झालेल्या अंगुलेमच्या कॉमिक महोत्सवात अशी प्रदर्शनं हे मोठंच आकर्षण राहिलं आहे. कॉमिकची मूळ पानं सहसा छापील पानापेक्षा मोठी काढलेली असतात. अमेरिकन कॉमिक्ससाठी ११ बाय १७ इंचाचा बोर्ड रूढ आहे. तिथे पांढऱ्या रंगाने झाकलेल्या रेषा, चिकटवलेले तुकडे, खालची निळी पेन्सिल दिसते. छापील पानात 'एका झटक्यात' आलेली वाटणारी रेषा इथे तीनदा बदललेली सापडते.

कलाकाराशी बोलताना

'तुमची स्टाईल कशी सापडली?' हा प्रश्न कुणी विचारू नये असा कायदाच हवा. याचं खरं उत्तर कुणालाच देता येत नाही आणि समोरचा बिचारा सकाळपासून तेच देत बसलेला असतो. त्यापेक्षा वस्तू हातात धरून विचारा. 'हे पान आधी वेगळं होतं का?' 'हा कागद का घेतला?' 'किती प्रती काढल्या आणि त्यात किती वाया गेल्या?' 'पुन्हा छापलंत तर काय बदलाल?' या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक कलाकार खुलतात, कारण तो हिशोब त्यांच्या डोक्यात आधीच चालू असतो.

वेळ बघून बोला. दार उघडल्यानंतरचा पहिला तास आणि दोन दिवसांच्या फेअरमध्ये दुसऱ्या दिवसाची सकाळ बरी. भर गर्दीत, गिऱ्हाईक पैसे काढत असताना मधे तोंड घालू नका. कुणी आलं की एक पाऊल बाजूला व्हा, टेबलासमोरची जागा अडवू नका. त्यांच्या दृष्टीने तो विक्रीचा दिवस आहे. फोटो काढण्याआधी विचारा आणि आतल्या पानांचे काढूच नका. न विचारता पोर्टफोलिओ (आपल्या निवडक कामांचा संच) पुढे करू नका. काही फेअरमध्ये पोर्टफोलिओ बघण्याची वेगळी वेळ ठेवलेली असते, तिथे आधी नाव नोंदवून जा आणि दहा-बारा चांगलीच कामं न्या.

आवडलं पण परवडत नाही, असं असेल तर तसं साधेपणाने सांगून कार्ड घ्या. 'येतो परत' म्हणून गायब होणारे त्यांना लांबूनही ओळखू येतात.

वही कशी वापरायची

दुसऱ्यांची चित्रं वहीत उतरवत बसू नका. पानाची रचना मात्र थंबनेल, म्हणजे छोटं कच्चं रेखाटन, म्हणून काढा: चौकटी कुठे, काळं कुठे, मोकळी जागा कुठे. त्यात माणसं, चेहरे काहीच नको. शेजारी आकार मोजून लिहा, घडीचा प्रकार लिहा. दर दोन तासांनी एखादा कोपरा गाठून बसा आणि आतापर्यंत पाहिलेल्यातलं काय आठवतंय ते वही मागे न चाळता काढा. आठवणीत उरलेलं चित्र बहुधा मुळापेक्षा वेगळंच निघतं. तुमचं काम त्या फरकात असतं.

थकलात की गर्दी काढा. पिशव्या सांभाळत झीन चाळणारी, एका पायावर भार देऊन उभी असलेली माणसं फुकट मॉडेलिंग करत असतात.

काय विकत घ्यायचं

बजेट आधी ठरवा आणि अर्धं दुपारनंतरसाठी राखून ठेवा. माझा नियम असा, की एक वस्तू अशी घ्या जी कशी बनवली हे कळतच नाही, आणि एक अशी जी उद्या स्वतः बनवता येईल असं वाटतं. तिसरी आवडीखातर. नुसतं आवडलं म्हणून घेतलेल्या ढीगभर प्रिंट भिंतीवर जातात आणि तिथेच राहतात. स्टिकरबद्दल मी काही बोलत नाही, ते कुणी ऐकत नाही.

प्रिंटच्या खाली पेन्सिलीने ७/४० असं लिहिलेलं असतं. म्हणजे चाळीस प्रतींच्या एडिशनमधली सातवी. 'ए/पी' म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी बाजूला ठेवलेली प्रत. लहान आकडा म्हणजे उत्तम छपाई, असं धरून चालू नका. अंक टाकण्याचा क्रम आणि छपाईचा क्रम एकच असेल याची खात्री नसते. दोन प्रती शेजारी ठेवायला सांगा आणि डोळ्यांनी निवडा.

परतल्यावर पहिला आठवडा

त्याच रात्री सगळं जमिनीवर पसरा आणि प्रत्येक वस्तूवर एक वाक्य लिहून चिठ्ठी लावा, ही का घेतली ते. ज्या वस्तूबद्दल वाक्यच सुचत नाही ती तशीच बाजूला ठेवा. रिसोच्या प्रिंट एकमेकांवर घासू देऊ नका, मधे बटर पेपर घाला. चमकते रंग उन्हात लवकर उडतात, म्हणून खिडकीजवळ टांगू नका.

फेअरनंतर दोन-तीन दिवस हात चालत नाही. एवढं सगळं पाहिल्यावर आपलं काम फिकं वाटतं, आणि हे बहुतेकांचं होतं. त्यावर मनाची समजूत घालत बसण्यापेक्षा हाताला यांत्रिक काम द्या. आवडलेल्या झीनची कोरी डमी (नमुना प्रत) बनवा: तोच आकार, तितकीच पानं, तशीच घडी, चित्र एकही नाही. पानं उलटून बघा. तो आकार तुमच्या गोष्टीला पुरतो का, हे हातालाच कळतं.

मग एका कागदाची आठ पानी झीन करा. ए-४ कागदाला तीनदा निम्मं-निम्मं दुमडून आठ चौकोन पाडा. उलगडून आडवा धरा आणि मधल्या आडव्या रेषेवर फक्त मधल्या दोन चौकोनांच्या लांबीची चीर द्या. कागद त्या रेषेवर लांबीने दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला, चीर उघडून पुस्तिका तयार होते. पिना लागत नाहीत, छपाई एकाच बाजूला. मात्र वरच्या ओळीतली पानं उलटी छापावी लागतात, म्हणून चित्रं काढण्याआधी कोऱ्या कागदावर पानांचे आकडे टाकून घ्या. विषय तोच, जो तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न म्हणून लिहिला होता. मुदत सात दिवस.

उसनं काय घ्यायचं आणि काय नाही, याचा गोंधळ इथेच होतो. दोन रंगांत रात्र रंगवण्याची युक्ती, मधल्या जोडपानाचा वापर, कोऱ्या पानाने दिलेला थांबा हे कुणाच्या मालकीचं नाही, खुशाल घ्या. एखाद्याच्या पात्रांचे डोळे, त्याची ठरावीक रेषा, त्याचीच रंगजोडी एकत्र उचलली तर ती नक्कल झाली. शंका आली तर एकाऐवजी तीन वेगवेगळ्या कलाकारांकडून एकेक गोष्ट घ्या आणि ती तुम्ही स्वतः पाहिलेल्या प्रसंगाला लावा.

ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना आठवड्याच्या आत दोन ओळींचा निरोप पाठवा. नुसतं 'तुमचं काम आवडलं' नको, कोणतं पान आणि का ते लिहा. तुमची झीन तयार झाली असेल तर फोटोही जोडा, पण त्यावर मत मागू नका. पुढच्या फेअरसाठी टेबलाचे अर्ज बरेच महिने आधी निघतात आणि बऱ्याच ठिकाणी अर्धं टेबलही मिळतं. वर्गातल्या एखाद्या मित्राबरोबर ते वाटून घेता येईल, म्हणून अर्जाची तारीख आत्ताच शोधून कॅलेंडरमध्ये टाका.